चि. मिहीरला, मँचेस्टरच्या पत्त्यावर

चि. मिहीर,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर आवाज चढला माझा. तुझाही चढला आणि मध्येच फाटला, तो ऐकल्यापासून झोप नाही. स्वरयंत्राला सूज आहे, पंधरा दिवस गायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलंय आणि तू गुरुवारी ऑडिशनला निघालास, तेही 'टोस्का' ऑपेरातला नायक, कावारादोस्सी, गायला! असो. घशाबद्दल आज लिहायचं नाही असं ठरवून बसलेय.

पीटर पिअर्स या इंग्रज ऑपेरा-गायकाचं नाव तुझ्याकडूनच कळलं. तेव्हापासून मिळेल ते वाचते. ऑक्सफर्ड अर्धवट सुटलं, शाळेत मास्तरकी केली, मग बीबीसीचा कोरस, १९३८मध्ये ग्लाइंडबोर्नच्या ऑपेरा महोत्सवाचा कोरस. लंडनच्या रंगमंचावर हॉफमनची भूमिका गायला १९४२ साली, तेव्हा एकतीस वर्षांचा होता. तू सव्वीसचा आहेस रे. आवाजही त्याचा काही दणदणीत नव्हता. तरी ७ जून १९४५ला लंडनच्या सॅडलर्स वेल्स थिएटरमध्ये 'पीटर ग्राइम्स' हे ऑपेरा उभं राहिलं ते त्याच गळ्यावर. संगीतकार बेंजामिन ब्रिटनने तो गळा ओळखून भूमिका लिहिली. तू मला त्या ऑपेरातलं 'ग्रेट बेअर'चं गाणं ऐकवलंस ना, किती वेळ एकाच स्वरावर थांबलेलं? तो स्वर पिअर्सचा हुकमी होता.

नाना काळी दोनमध्ये गायचे, थकल्यावर पट्टी उतरवून काळी एकवर आले, कुणी काही म्हटलं नाही. तुमच्या ऑपेरात पट्टी लिहूनच ठेवलेली. गळ्याला सोसो वा न सोसो, तिथेच गायचं. मग भूमिका पारखून घेणं एवढंच गाणाऱ्याच्या हातात उरतं. कावारादोस्सी कुठे पळून चाललाय? पिअर्सने ब्रिटनच्याच 'डेथ इन व्हेनिस'मधली आशेनबाखची भूमिका साठी उलटल्यावर, १९७३मध्ये पहिल्यांदा गायली. पुढच्या वर्षी त्याच भूमिकेत न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरामध्ये पदार्पण केलं, वयाच्या ६४व्या वर्षी! १९८०मध्ये पक्षाघात झाला तेव्हाच गाणं थांबलं.

बघ, आले पुन्हा घशावरच. रागावू नकोस. शिकवणारे तुला तिथे आहेत, मी कोण सांगणार?

पण तू सात वर्षांचा असताना नानांसमोर बसून तार षड्ज लावलास, ते डोळ्यांपुढून जात नाही. मान ताठ, हनुवटी वर, उजवीकडची शीर टरारून फुगलेली. नाना तानपुरा न थांबवता म्हणत होते, "गळा सोड, बाळा, गळा सोड." तू सोडलास आणि स्वर असा लागला की स्वयंपाकघरातून मंदा बाहेर आली. गेल्या महिन्यातला तुझा व्हिडिओ मी सगळ्या सोसायटीला दाखवला. जोशीकाकूंना इटालियन कळत नाही, तरी दोनदा लावायला लावला. छाती भरून आली माझी. आणि शेवटच्या वरच्या स्वराला तीच शीर दिसली.

गुरुवारचं तू ठरव. जाणारच असलास तर आधी डॉक्टरांना दाखवून जा, सूज उतरलीय का एवढं बघून घे. आणि कुजबुजत बोलू नकोस, त्यानेही गळ्यावर ताण येतो म्हणे. मला फोन करू नकोस, बोलावं लागेल. लिहून कळव.

आई

ता. क. बाबा म्हणाले, नोकरी सोडलीस ते बरं केलंस. तुला सांगू नको, असंही म्हणाले.