बाबा, मोतीबिंदू पिकायची वाट पाहू नका

ती. आई आणि ती. बाबा,
साष्टांग नमस्कार.

आई, परवा तू विचारलंस, लायन्स क्लबात तुम्ही मंडळी नेमकं करता तरी काय? फोनवर बोलणं अर्धवट राहतं, म्हणून निवांत लिहायला बसले. बाबांना हे पत्र वाचून दाखव. पूर्ण दाखव, मधलं गाळू नकोस.

जूनमध्ये वह्यावाटप झालं, पावसाळ्यात झाडं लावली. उन्हाळ्यात रक्तदान शिबिर घेतलं. ते मुद्दाम मे महिन्यात घेतो. कॉलेजं बंद असतात, नेहमीचे रक्तदाते गावी गेलेले असतात आणि रक्तपेढीत नेमका तेव्हाच खडखडाट होतो. रक्तातल्या प्लेटलेट्स जेमतेम पाच दिवस टिकतात, त्यामुळे हिवाळ्यात गोळा करून उन्हाळ्यासाठी ठेवायची सोयच नाही. थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या मुलांना तर दर दोन-चार आठवड्यांनी रक्त लागतं. ती मुलं सुट्टी लागली म्हणून थांबू शकत नाहीत.

पण माझा जीव खरा रमतो तो डोळ्यांच्या कामात. १९२५ साली अमेरिकेत लायन्सच्या अधिवेशनात अंध आणि बधिर असलेल्या लेखिका हेलन केलर यांनी अंधत्वाविरुद्धच्या लढ्यात साथ द्या असं आवाहन केलं होतं. तेव्हापासून दृष्टीचं काम लायन्सनं आपलं मानलंय. आमचा क्लब ते जत तालुक्यातल्या गावांत करतो. झेडपीच्या शाळेत तपासणी होते. आधी तक्त्यावरची अक्षरं वाचायला लावतात, मग बॅटरीनं डोळे पाहतात, बीपी आणि साखर तपासतात. ज्यांना मोतीबिंदू निघेल त्यांना गाडीनं सांगलीच्या हॉस्पिटलात आणायचं, ऑपरेशन झालं की घरी पोचवायचं. माझ्याकडे याद्या आणि गाडीचं काम असतं. शाळेच्या वर्गात ऑपरेशनं करायचे दिवस आता गेले, आणि गेले ते बरंच झालं. जंतुसंसर्गाशी खेळ नको.

आपल्या आजीचं ऑपरेशन तसंच झालेलं ना? टाके घातलेले, कितीतरी दिवस पडून राहायचं आणि मग जन्मभर तो जाड भिंगांचा चष्मा, कारण तेव्हा डोळ्यात लेन्स बसवली नव्हती. बाबा, तुमच्या मनात अजून तेच ऑपरेशन आहे, असं मला वाटतं. आता बारीक छेदातून मोतीबिंदू काढतात आणि तिथंच कृत्रिम लेन्स बसवतात. बहुतेक जण त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी घरी जातात. पुढचे काही आठवडे वेळेवर थेंब घालायचे, डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही, चुलीच्या धुरापासून लांब राहायचं. एवढंच पथ्य.

तुम्ही म्हणता, "पिकू दे, मग काढू." पूर्वी डॉक्टरही तसंच सांगायचे, पण आता तशी गरज उरलेली नाही. उलट फार पिकला की तो कडक होतो, काढायला अवघड जातो आणि कधी डोळ्यातला दाब वाढून नजर कायमची जाते. शिबिरात अशी माणसं येतात. उजेड नुसता जाणवतो, समोरचा माणूस दिसत नाही. "एवढे दिवस का थांबलात?" विचारलं तर बहुतेकांचं उत्तर तुमचंच असतं. ते ऐकताना मला तुम्हीच समोर दिसता, बाबा.

दुसरं तुमचं म्हणणं, की फुकटच्या शिबिरात जाऊन गरिबाची जागा का अडवायची? हे मला पटतं आणि त्याचा अभिमानही वाटतो. तर आपण पैसे भरूनच करू, हॉस्पिटल तेच, डॉक्टरही तेच. वाटलं तर शिबिरातल्या एखाद्याच्या ऑपरेशनचा खर्च तुम्ही उचला.

आई, नेत्रदानाचं तू विचारलं होतंस. चष्मा असला, मधुमेह असला, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असलं तरी नेत्रदान करता येतं. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत ते व्हावं लागतं, म्हणून नेत्रपेढीला लगेच कळवायचं. तोवर पापण्या मिटवून वर ओला कापूस ठेवायचा, पंखा बंद करायचा, डोक्याखाली उशी द्यायची. पुढे रोपण होतं ते डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याचं. तू दादाशीही बोल, कारण फॉर्म भरला तरी त्या वेळी घरच्यांनी कळवलं तरच ते होतं. माझा फॉर्म मी भरलाय.

पुढच्या शनिवारी मी येतेय. रविवारी बाबांना घेऊन सांगलीला जाऊ, नुसती तपासणी करून घेऊ. आधार कार्ड, साखरेचे जुने रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत काढून ठेव. रक्त पातळ करायची गोळी बाबांनी आपल्या मनानं बंद करू नये, ते डॉक्टरांनाच विचारू. आणि सकाळी नाश्ता करून निघायचं. डोळ्याची बाहुली मोठी करायचे थेंब घातल्यावर काही तास धूसर दिसतं, म्हणून परतताना गाडी मी चालवेन.

तुमची,
ताई