उन्हाळी अभ्यासक्रमाची ग्रेड अर्जातून गाळू नका

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या शिक्षणविषयक पुरवणीत अमेरिकी विद्यापीठांच्या उन्हाळी अभ्यासक्रमांवरील लेख वाचला. शुल्क, वसतिगृह, अर्जाची मुदत हे सारे त्यात होते. परंतु शेवटी मिळणाऱ्या ग्रेडचे पुढे काय होते, याविषयी एक ओळही नव्हती. गेल्या वर्षी माझ्या सोळा वर्षांच्या मुलीला आणि आम्हालाही नेमके तेच ठाऊक नव्हते, म्हणून हे लिहीत आहे.

या अभ्यासक्रमांत मोठा भेद असतो. हार्वर्ड समर स्कूलचे उदाहरण घेतले, तर तेथील दोन आठवड्यांच्या प्री-कॉलेज वर्गांना क्रेडिट, म्हणजे पदवीसाठी धरले जाणारे श्रेयांक, नसते. सात आठवड्यांच्या सत्रात मात्र शाळकरी मुले कॉलेजचाच विषय शिकतात आणि त्याची ग्रेड विद्यापीठाच्या ट्रान्स्क्रिप्टवर, म्हणजे अधिकृत गुणपत्रकावर, कायमची राहते. माझ्या मुलीने अन्य एका विद्यापीठात संख्याशास्त्राचा असाच क्रेडिटचा विषय घेतला होता. तिसऱ्या आठवड्यात ती मागे पडू लागली, तेव्हा विषय सोडण्याची मुदत अजून संपलेली नव्हती, हे आम्हाला निकालानंतर समजले.

ऑगस्टमध्ये निकाल आला तो तिच्या लॉगिनवर. जेवणाच्या टेबलाशी बसून तिने तो पाहिला आणि एक शब्दही न बोलता लॅपटॉप मिटला. दुसऱ्या दिवशी रात्री साडेनऊला, म्हणजे तिकडे दुपारी बाराला, मी विद्यापीठाच्या कार्यालयात फोन केला. ही नोंद विद्यार्थिनीची आहे, तिच्या संमतीवाचून सांगता येणार नाही, असे नम्र उत्तर मिळाले. शुल्क आम्ही भरलेले, मुलगी अल्पवयीन, आणि तरी आम्हालाच नकार, याचा तेव्हा फार राग आला. अमेरिकेतील १९७४ च्या ‘फर्पा’ कायद्यानुसार विद्यार्थी अठरा वर्षांचा झाला, किंवा त्याआधीच महाविद्यालयीन संस्थेत शिकू लागला, की नोंदींवरील हक्क पालकांकडून त्याच्याकडे जातो, हे नंतर वाचले. आज मला तो कायदा रास्त वाटतो. दोन दिवसांनी तिने आपणहून ग्रेड दाखवली: बी-मायनस, चारपैकी २.७. माझ्या दिरांनी लगेच भागाकार करून साडेसदुसष्ट टक्के काढले. तो हिशेब चुकीचा आहे, कारण बी-मायनस साधारणपणे ऐंशीच्या आसपासच्या गुणांना मिळते, परंतु मुलीचा चेहरा उतरायचा तो उतरलाच.

खरा प्रश्न पुढे आला. ज्या सल्लागारांकडे आम्ही अमेरिकेतील पदवी-प्रवेशाचे काम सोपवले होते, ते म्हणाले, “हा विषय अर्जात दाखवूच नका, कोणाला कळणार आहे?” आपल्याकडे दहावीला सहापैकी उत्तम पाच विषयांची टक्केवारी धरतात, गुण कमी पडले तर श्रेणीसुधार योजनेत पुन्हा परीक्षा देता येते, त्यामुळे नको तो निकाल बाजूला ठेवणे आपल्याला गैर वाटतच नाही. तिथे तशी सोय नाही. कॉमन ॲपमध्ये, म्हणजे तिकडच्या अनेक विद्यापीठांसाठी एकच असलेल्या ऑनलाइन अर्जात, विद्यार्थ्याने कोणत्या कॉलेजात अभ्यासक्रम केला आहे, हे स्पष्ट विचारलेले असते, अनेक विद्यापीठे त्या प्रत्येक कॉलेजचे अधिकृत ट्रान्स्क्रिप्ट मागतात, आणि अर्ज पाठवण्यापूर्वी दिलेली माहिती खरी व पूर्ण असल्याचे विद्यार्थ्याला स्वतः प्रमाणित करावे लागते. ती खोटी ठरल्यास मिळालेला प्रवेशही रद्द होऊ शकतो. सल्ला देणारा त्यावेळी कुठेच नसतो. सही मुलाची असते. सतरा वर्षांच्या मुलाला आयुष्यातील पहिल्या मोठ्या अर्जावर खोटी सही करायला लावणे मला अत्यंत चीड आणणारे वाटते.

माझी विनंती एवढीच आहे, की शुल्क घेण्यापूर्वी सल्लागारांनी चार गोष्टी पालकांना लेखी द्याव्यात: अभ्यासक्रम क्रेडिटचा आहे की नाही, विषय सोडण्याची अखेरची तारीख कोणती, ग्रेड कोणाला दिसेल आणि पुढे ती कुठे कळवावी लागेल. कनिष्ठ महाविद्यालयांतील समुपदेशकांनाही हे माहीत असायला हवे. आमच्या मुलीच्या महाविद्यालयात या ट्रान्स्क्रिप्टचे काय करायचे, हे कोणालाच सांगता आले नाही. आपल्या पुरवणीत यापुढे अशा अभ्यासक्रमांची यादी छापताना त्यासोबत हेही छापावे.

ऑक्टोबरमध्ये मुलीने अर्ज भरला, त्यात त्या विद्यापीठाचे नाव व संख्याशास्त्राची बी-मायनस लिहिली आणि ट्रान्स्क्रिप्ट पाठवण्याची मागणी आपल्याच लॉगिनवरून नोंदवली. आम्ही शेजारी बसून होतो, पण कळफलकाला हात लावला नाही.

कळावे,
आपली विश्वासू,
एक पालक, कोथरूड, पुणे