पाचशे चौरस मीटरच्या आतलं घर : गृहनिर्माण मंत्र्यांना खुले पत्र

मा. गृहनिर्माण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सविनय नमस्कार.

मी धुळ्यात राहतो, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. दीड वर्षापूर्वी आम्ही गावातल्या जुन्या गल्लीत फ्लॅट घेतला. तिथला वाडा पाडून नवी इमारत उभी राहिली होती. या घरापायी मला स्थावर संपदा कायदा (रेरा) मुळापासून वाचावा लागला. त्यातली एक ओळ अशी आहे की ती वापरायचा अधिकार राज्य शासनाला आहे, म्हणून हे पत्र.

आधी आमच्या गल्लीबद्दल. 1818 मध्ये खान्देश इंग्रजांच्या ताब्यात गेला. त्यानंतर कॅप्टन ब्रिग्जने जिल्ह्याचं ठाणं धुळ्याला केलं आणि सरळ रस्त्यांची पेठ आखली. आजही इथे पत्ता विचारला की गल्ली नंबर चार, गल्ली नंबर सहा असंच उत्तर मिळतं. घराला घर लागून, मधली भिंत दोघांची, पुढे ओटा, मागे परस आणि परसात आड. पुढची पिढी पुण्या-नाशकाला गेली, भावाभावांत वाटण्या झाल्या, आणि एकेक वाडा बिल्डरच्या हाती जाऊ लागला. खाली पार्किंग, वर तीन मजले, मजल्यावर दोन फ्लॅट, असा आता ठरलेला नकाशा आहे.

वलवाडीत, साक्री रोडला याच पैशात ऐसपैस घर मिळत होतं, नातेवाईक तिकडेच जा म्हणत होते. पण वडील 78 वर्षांचे. त्यांचं बालपण याच गल्ल्यांत गेलं. संध्याकाळी ओट्यावर बसलं की येणारा-जाणारा थांबून दोन शब्द बोलतो, चैत्रात एकवीरादेवीच्या यात्रेला चालत जाता येतं. कॉलनीत त्यांना चार भिंती मिळाल्या असत्या, माणसं मिळाली नसती. तो निर्णय चुकला असं मला आजही वाटत नाही.

किंमत 38 लाख. घर पत्नीच्या नावे, म्हणून मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळाली. तरी 1 लाख 90 हजार मुद्रांक शुल्क आणि 30 हजार नोंदणी शुल्क भरलं. बँकेच्या वकिलांनी 30 वर्षांचा शोध अहवाल दिला, मालमत्ता पत्रक तपासलं, मंजूर नकाशा पाहिला. कागद स्वच्छ होते. कागदांत नव्हतं ते जमिनीच्या पोटात होतं.

पहिल्या पावसाळ्यात, जुलैमधल्या एका सकाळी, माझ्या स्कूटरचं स्टँड पार्किंगच्या फरशीत रुतलं. पेव्हर ब्लॉक ढिले झाले असतील म्हणून मी गाडी सरकवून लावली. तिसऱ्या दिवशी तिथे परातीसारखा गोल खळगा पडला होता. ब्लॉक सगळ्या बाजूंनी मध्याकडे कलंडलेले, आणि कडेची फट इतकी की हाताचा पंजा आत जावा. आम्ही सहाही घरचे भोवती उभे होतो. तेवढ्यात शेजारच्या जिजी काठी टेकत आल्या. सगळी गल्ली त्यांना जिजीच म्हणते. त्यांनी खळग्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "आठे आड व्हता रे भाऊ. तुमले कोनी सांगं नही का?"

कोणीच सांगितलं नव्हतं. वाडा पाडल्यावर निघालेली माती, विटा, कौलांचे तुकडे, सगळं त्या आडात लोटलं आणि वरून ब्लॉक बसवले. गल्लीला हे ठाऊक होतं. ज्याला घर विकलं त्यालाच ठाऊक नव्हतं.

जिजींच्या घराचं दुखणं तर आमच्याहून मोठं आहे. आमच्या इमारतीच्या कॉलमसाठी खड्डे खणले ते त्यांच्या भिंतीला खेटून. ती भिंत मातीत बांधलेली, तिच्या पायाला कशाचाही आधार न देता खणलं. आज छतापासून ओट्यापर्यंत तिला एक तडा आहे. मी त्यात रुपयाचं नाणं उभं धरून पाहिलं, ते आत गेलं. जिजींच्या मुलाने एकदा मला शांतपणे विचारलं, "सर, बिल्डर गेला, आता आम्ही कोणाकडे पाहायचं?" रोज सकाळी त्यांच्या ओट्यावरून मला शाळेत जावं लागतं. नव्या वस्तीत बांधकाम वाईट निघालं तर नुकसान घेणाऱ्याचं होतं. जुन्या वस्तीत ते शेजाऱ्याचंही होतं, आणि त्याला तोंड द्यायला बिल्डर नसतो, आम्ही असतो.

बिल्डरने आधी सांगितलं की आड वाडामालकाने बुजवला. मग सांगितलं की भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत राहायला योग्य असल्याचा पालिकेचा दाखला, आलं की सगळं करून देतो. माहिती अधिकारात विचारलं तेव्हा कळलं की प्रमाणपत्रासाठी त्याने अर्जच केलेला नाही. पूर्णत्वाचा कागद न पाहता ताबा घेतला, ही माझी चूक मी मान्य करतो. शाळेचं वर्ष सुरू होत होतं, जुन्या घराचं भाडं आणि नव्या घराचा हप्ता दोन्ही चालू होते. माझ्यासारखे असे कितीतरी आहेत.

मग मी महारेराच्या, म्हणजे बांधकाम प्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर आमची इमारत शोधली. नव्हती, आणि कायद्याने ती असायची गरजही नव्हती. स्थावर संपदा कायदा 2016 चा, महाराष्ट्रात तो 1 मे 2017 पासून पूर्ण लागू झाला. त्याच्या कलम 3 मध्ये म्हटलं आहे की जमीन पाचशे चौरस मीटरपेक्षा जास्त नसेल, किंवा सदनिका आठपेक्षा जास्त नसतील, तर नोंदणीची सक्ती नाही. पाचशे चौरस मीटर म्हणजे जवळजवळ 5,400 चौरस फूट. आमच्या गल्लीत एवढा मोठा वाडा मला तरी एकही आठवत नाही. जळगावच्या पेठांत, अमळनेरला, चोपड्याला, नंदुरबारला जाऊन पाहा, जुन्या वस्तीतले प्लॉट असेच अरुंद आणि खोल असतात. म्हणजे गावाच्या पोटातलं नवं घर बहुतेक वेळा या कुंपणाच्या बाहेरच राहतं.

नोंदणी असती तर ग्राहकांकडून आलेल्या पैशातले 70 टक्के त्याच बांधकामासाठी वेगळ्या खात्यात राहिले असते. काम कुठवर आलं ते दर तिमाहीला संकेतस्थळावर दिसलं असतं. बांधकामातला दोष ताब्यापासून पाच वर्षांत निघाला तर बिल्डरने तीस दिवसांत फुकट दुरुस्त करायचा, असं कलम 14 सांगतं. आमच्या वाट्याला 1963 चा मालकी हक्क सदनिका कायदा आहे, त्यात ही मुदत तीन वर्षांची. त्या आधारावर आणि ग्राहक आयोगात मी लढणारच आहे. पण जिजींची भिंत माझ्या तारखांसाठी थांबणार नाही.

साहेब, त्याच कलम 3 ला एक परंतुक, म्हणजे मुख्य नियमाला जोडलेली तरतूद, आहे. राज्य शासनाला गरज वाटली तर ते पाचशे चौरस मीटरची आणि आठ सदनिकांची ही मर्यादा खाली आणू शकतं. त्यासाठी नवा कायदा नको. माझी मागणी एवढीच आहे की नगरपालिका आणि महापालिका हद्दीत विक्रीसाठी चार किंवा जास्त सदनिका बांधणाऱ्याला नोंदणी सक्तीची करा. स्वतःच्या कुटुंबासाठी बांधणाऱ्या भावांना याचा त्रास नाही, कारण ते विकत नाहीत.

लहान बिल्डरवर बोजा पडेल, असं आपल्याला सांगितलं जाईल. आमच्याकडचा बिल्डर ओळखीतला असतो, त्याचा धंदा लहान असतो, हे खरं. पण घेणाऱ्याचा पैसा लहान नसतो, त्यात आयुष्यभराचा भविष्यनिर्वाह निधी गेलेला असतो. मुद्रांक शुल्क घेताना शासन प्लॉट केवढा हे विचारत नाही. संरक्षण देताना का विचारावं?

आणखी एक गोष्ट नगरविकास विभागाशी बोलून होण्यासारखी आहे. जुनं घर पाडून बांधायची परवानगी मागताना त्या जागेवर आड कुठे होता, सामाईक भिंती कोणत्या, त्यांना आधार कसा देणार, हे एका पानावर फोटोंसह लिहून घ्यावं आणि ते पान खरेदीखताला जोडावं. आम्हाला ते एक पान मिळालं असतं तर आम्ही सही करण्याआधी जिजींनाच विचारायला गेलो असतो.

सध्या आम्ही सहा घरांनी वर्गणी काढली आहे. आडातला राडारोडा उपसून तो थराथराने नीट भरायचं काम दिवाळीच्या सुट्टीत करणार आहोत. त्याआधी जिजींच्या भिंतीला सागाचे तीन टेकू लावून दिले. धुळ्याला दौरा झाला तर जरूर या. गल्लीत आपली गाडी येणार नाही, कोपऱ्यापासून चालत यावं लागेल. ओट्यावर वडील असतात, ते घर दाखवतील.

आपला,
जुन्या गल्लीतला एक नवा रहिवासी, धुळे