सूचना : संशोधन सादरीकरणाचा सराव, येत्या शनिवारी

एम.एस्सी. गटातील सर्व सदस्यांना कळविण्यात येते की, २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनी होणाऱ्या सादरीकरणांचा सराव येत्या शनिवारी सकाळी ठीक १०.३० वाजता गंगापूर रोडवरील आपल्या वनस्पतिशास्त्र विभागाच्या सेमिनार हॉलमध्ये होईल. द्वितीय वर्षाची उपस्थिती अनिवार्य असून प्रथम वर्षाने श्रोते म्हणून अवश्य यावे, कारण प्रश्न विचारण्याचीही सवय लागावी लागते.

• बोलण्यासाठी १० आणि प्रश्नोत्तरांसाठी ५ मिनिटे मिळतील.

• प्रत्येक आलेखाच्या दोन्ही अक्षांवर राशीचे नाव व एकक असावे. त्रुटिपट्ट्या (आलेखातील बिंदूंवर काढलेल्या एरर बारच्या रेषा) प्रमाण विचलनाच्या, म्हणजे मापनांचा विखुरलेपणा दाखवणाऱ्या, आहेत की प्रमाण त्रुटीच्या, म्हणजे सरासरीची अनिश्चितता दाखवणाऱ्या, हे आलेखाखाली स्पष्ट लिहावे; परीक्षक बहुधा तिथेच अडवतात.

• सुरुवात पद्धतीपासून नव्हे, प्रश्नापासून करावी. द्राक्षावरील भुरी या बुरशीजन्य रोगावर काम करणाऱ्यांनी आधी पानावरचा पांढरा भुकटीसारखा थर छायाचित्रात दाखवावा आणि मगच जनुकांकडे वळावे.

• पडद्यावरील मजकूर श्रोत्यांकडे पाठ करून वाचू नये.

स्लाइडची पीडीएफ प्रत शुक्रवारी सायंकाळी ५ पर्यंत गटप्रतिनिधीकडे द्यावी. ज्यांच्या लॅपटॉपला एचडीएमआय पोर्ट नाही, त्यांनी अडॅप्टर सोबत आणावा.