रखवालदाराच्या बंदुकीला दस्ता हवाच

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

माझा पुतण्या सैन्यातून नाईक म्हणून पेन्शनीवर आला आणि आता ठाण्यात रोकड गाडीवर गनमन म्हणून लागतो आहे. परवाना मिळाला आहे, बारा बोअरची बंदूक घ्यायची बाकी आहे. परवा जेवणे झाल्यावर त्याने मोबाइलवरचे दोन फोटो माझ्यापुढे धरले. एकात अक्रोडी लाकडाचा पूर्ण दस्ता, म्हणजे खांद्याला टेकवायचा मागचा भाग, असलेली पंप ॲक्शन (पुढची पकड मागेपुढे करून काडतूस भरायची) बंदूक होती. दुसऱ्यात तसलीच बंदूक, पण दस्ताच नाही. मागे नुसती पिस्तुलासारखी काळी मूठ. “तात्या, कोणती घेऊ?” असे त्याने विचारले खरे, पण त्याचे बोट दुसऱ्या फोटोवरून हलत नव्हते.

मी १९८३ ते २००१ पायदळात होतो, हवालदार म्हणून निवृत्त झालो. त्यानंतर सोळा वर्षे ठाण्यात बारा बोअर घेऊन उभा राहिलो. आधी नौपाड्यात गोखले रोडवर बँकेच्या दारात, मग वागळे इस्टेटला, आणि शेवटची चार वर्षे रोकड गाडीवर. एवढ्या वर्षांत ड्युटीवर एकदाही चाप ओढावा लागला नाही, याचा मला अभिमान आहे. हे पत्र पुतण्यासाठी नाही, त्याला मी घरीच सांगेन. पण गेल्या काही वर्षांत रोकड गाड्यांभोवती बिनदस्त्याच्या बंदुका मला वारंवार दिसू लागल्या आहेत. त्या जिथे दिसतात तिथे तुमचे वाचक उभे असतात. जांभळी नाक्यावर भाजी घेणारी बाई, पेन्शन काढायला आलेले आजोबा, शाळा सुटलेली मुले. म्हणून वाटले की हा विषय वर्तमानपत्रात यायला हवा.

लोकांचा एक समज आहे, आणि दुर्दैवाने काही गनमनचाही आहे, की छऱ्यांच्या बंदुकीला नेम लागत नाही; नुसती समोर रोखली की पुढचे सगळे झोडपले जाते. हे साफ खोटे आहे. आखूड, बिनचोकच्या (चोक म्हणजे नळीचे टोक जरा अरुंद केलेले) नळीतून सुटलेले टपोरे छर्रे साधारण दर गजाला इंचभर पसरतात, असा जुना अंदाज आहे. म्हणजे दहा पावलांवर सगळा पसारा एका वितीत मावतो. नळीला चोक असेल तर त्याहूनही कमी. रस्त्यावर माणूस माणसाला खेटून उभा असताना वीतभर पसारा नेमका कुठे पडणार, हे ठाऊक असल्याशिवाय चापावर बोट न्यायचे नसते. आणि चुकलेली वीत हवेत विरून जात नाही, ती कुणाला तरी लागते.

आता नेम धरायचा कशाने? रायफलीला पुढची आणि मागची अशा दोन माश्या, म्हणजे नेम धरायच्या खुणा, असतात. आपल्याकडच्या बहुतेक बारा बोअरला मागची माशीच नसते. नळीच्या टोकाला फक्त एक मणी असतो. मागची माशी म्हणजे बंदूक धरणाऱ्याचा डोळा. तो डोळा दरवेळी त्याच जागी आणते ती दस्त्याची वरची कड, जिथे आपण गाल टेकतो. दस्ता खांद्याच्या खोबणीत, गाल कडेवर, डोळा नळीच्या पाठीवरून थेट मण्यावर. या तीन गोष्टी जमल्या की बंदूक जिथे बघाल तिथे जाते. डोळा पाव इंच वर राहिला तर दहा पावलांवर मार सुमारे दोन इंच सरकतो, तीस पावलांवर सहा इंच. ही गोष्ट पाव इंचाची. ज्या बंदुकीला गाल टेकवायला जागाच नाही, तिच्यामागे डोळा किती इंच हलतो याचा हिशेब कुणी करायचा?

मला हे पुस्तकातून कळलेले नाही. गाडीवर असताना आमच्या एजन्सीने एका वर्षी दोन नव्या बंदुका दिल्या, दोन्ही बिनदस्त्याच्या, मुठीच्या. गाडीत बसायला सोयीच्या म्हणून मलाही त्या आवडल्या. मग सरावाचा दिवस आला. पाच काडतुसे, पंधरा पावलांवर माणसाएवढे पुठ्ठ्याचे लक्ष्य. कमरेजवळ धरून पहिली झाडली, छर्रे लक्ष्याच्या दोन फूट आधी मातीत गेले. दुसऱ्या वेळी शिस्त धरावी म्हणून बंदूक तोंडासमोर उचलली. धक्क्याने नळी वर उसळली आणि मुठीची मागची बाजू गालाच्या हाडावर बसली. तीन दिवस जेवताना दुखत होते. उरलेल्या तीन काडतुसांतले एकच नीट लागले. त्याच दुपारी जुन्या दस्त्याच्या दुनळीने पाचपैकी पाच पुठ्ठ्याच्या छातीत बसले. माणूस तोच, काडतुसे त्याच डब्यातली. मी लेखी कळवले. उत्तर आले नाही. बंदुका गाडीवरच राहिल्या.

असे का होते तेही सांगतो. बारा बोअरचा धक्का सोसायला माणसाच्या अंगात एकच जागा आहे, खांदा. दस्ता काढला की तो सगळा धक्का मनगटात आणि अंगठ्याच्या बेचक्यात येतो. शिवाय दस्त्याचे वजन गेल्याने बंदूक हलकी होते, आणि हलकी बंदूक जास्त उसळते. धिप्पाड माणूसही दुसऱ्या बारापर्यंत आवळलेल्या मुठीने आणि मिटत्या डोळ्यांनी चाप ओढू लागतो.

पुतण्या म्हणाला, “तात्या, ऑलिंपिकवाल्यांच्या बंदुकांनाही पिस्तूल ग्रिप असते. तुमच्या वेळच्या एसएलआर रायफलीलाही होती.” बरोबर आहे, आणि इथेच सगळा घोळ होतो. एकाच नावाखाली दोन वेगळ्या वस्तू खपतात. एसएलआरला मूठ होती, सैन्यातल्याच इन्सास रायफलीलाही होती, पण मूठ संपली की मागे खांद्यापर्यंत पूर्ण बट, म्हणजे दस्ताच, होता. २००४ मध्ये अथेन्सला आपल्या सैन्यातल्याच राज्यवर्धन राठोड यांनी डबल ट्रॅपमध्ये रौप्यपदक मिळवले. त्या खेळात ११० मिलिमीटरच्या उडत्या तबकड्या फोडायच्या असतात. तिथल्या बंदुकांना हातात भरणारी वळणदार मूठ असते, पण ती दस्त्याचाच भाग असते. दस्ता काढून कुणी तबकडी फोडायला उतरत नाही. तेव्हा माझे भांडण पिस्तूल ग्रिपशी नाही, खांदा गमावलेल्या बंदुकीशी आहे.

मग सरळ मानेचा (मान म्हणजे चापामागे हाताने धरायचा दस्त्याचा बारीक भाग) जुना दस्ता बरा की मुठीच्या वळणाचा? याचे उत्तर चाप किती आहेत यावर ठरते. माझी पहिली बंदूक आडव्या दुनळीची होती, दोन नळ्यांना दोन चाप. पुढचा चाप ओढला की दुसऱ्या बारासाठी हात जरासा मागे सरकवावा लागतो. सरळ मानेच्या दस्त्यावर तो लोण्यासारखा सरकतो. वळणदार मूठ असती तर हात तिथेच अडकला असता आणि बोट ताणून मागचा चाप शोधावा लागला असता. जुन्या कारागिरांनी सरळ मान काही शोभेसाठी ठेवली नव्हती.

पंप ॲक्शनला एकच चाप असतो. तिथे हात सरकण्याचे काम नाही, उलट तो पक्का राहायला हवा, कारण डावा हात पुढची पकड मागेपुढे करत असताना उजव्याने दस्ता खांद्यात ओढून धरायचा असतो. इथे वळणाची मूठ कामाला येते. मनगट फार वाकत नाही, पावसाळ्यात ओला हात घसरत नाही. म्हणून पंपला मी अर्धवट वळणाचा, पूर्ण लांबीचा दस्ता निवडेन. पिस्तुलासारखी उभी मूठ आणि मागे दस्ता असाही प्रकार मिळतो. तो वाईट नाही, पण घेण्याआधी सेफ्टीची, म्हणजे चाप अडवून ठेवणारी, कळ कुठे आहे ते पाहावे. कळ बंदुकीच्या पाठीवर असेल तर साध्या मानेवर अंगठा आपोआप तिच्यावर येतो. उभ्या मुठीवर अंगठा बाजूला खाली राहतो आणि कळीसाठी पकड सोडावी लागते. ज्याला बारा तास भरगर्दीत भरलेली बंदूक सांभाळायची आहे, त्याच्या अंगठ्याला सेफ्टी कायम हाताशी हवी.

गाडीची अडचण मला मान्य आहे. मागच्या बाकावर पेट्यांच्या मधे लांब बंदूक घेऊन उतरणे सोपे नाही, दार उघडताना नळी अडकते. त्यावर एका सहकाऱ्याने एकदा सुचवले होते की नळीच थोडी कापून घ्यावी. असले काही कुणी मनातही आणू नये. नळी आखूड करायला शस्त्र कायदा, १९५९ च्या कलम ६ प्रमाणे वेगळा परवाना लागतो. मुळातच आखूड नळीची, पण पूर्ण दस्त्याची कारखान्याची बंदूक घ्यावी. गाडीतून दिवसात वीस वेळा उतरताना होणारा त्रास मी चार वर्षे सोसला आहे. तो त्रास सोसण्यासारखा आहे.

दुकानात दस्ता मापून घेण्याची पद्धत आपल्याकडे गनमनसाठी जवळपास नाहीच. चपला मापून घेतो आपण. ठोकळ माप असे: दस्ता कोपराच्या वळणात टेकवायचा आणि तर्जनीचे पहिले पेर चापावर येते का पाहायचे. माणसाची मान किती लांब, खांदे किती रुंद, यावर ते पुढेमागे होते, पण सुरुवात इथून करावी. मी पाच फूट चार इंचांचा, पुतण्या सहा फुटी. आम्हा दोघांना एकच दस्ता कसा चालेल? लांब दस्ता उचलताना काखेत अडकतो, आखूड असला तर अंगठा नाकावर आपटतो. परवानाधारक कारागिराकडून दस्ता थोडा कमी करता येतो, रबरी पॅड लावून वाढवता येतो. खर्च फार नाही. आमच्या शाखेत एक डावखुरा रक्षक होता. त्याच्या बंदुकीचा दस्ता उजव्या खांद्यासाठी किंचित बाहेर झुकवलेला होता, त्यामुळे त्याचा डोळा नळीवर कधी आलाच नाही. बिचारा वर्षानुवर्षे स्वतःला कच्चा नेमबाज समजत राहिला.

बँका आणि सुरक्षा एजन्सी यांना माझे हात जोडून सांगणे आहे की बिनदस्त्याच्या बंदुका गाड्यांवरून आणि दारांवरून काढून घ्याव्यात. रुबाबदार दिसतात म्हणून त्या ठेवल्या असतील तर तो रुबाब गिऱ्हाइकांच्या जिवावर आहे. आणि सराव द्यावा. खासगी सुरक्षा संस्था (नियमन) कायदा, २००५ ने रक्षकाला प्रशिक्षण बंधनकारक केले आहे, पण सोळा वर्षांत मला प्रत्यक्ष गोळीबाराचा सराव मिळाला चार वेळा, दरवेळी मोजकी पाच-दहा काडतुसे. पलटणीत एका सकाळी याहून जास्त झाडली आहेत. ज्यांची बंदूक आणि परवाना स्वतःचा आहे, त्या माझ्या गनमन भावांनी कुणाची वाट पाहू नये. दुकानात फोटो पाहू नका, बंदूक रिकामी असल्याची खात्री करून घ्या, परवानगी विचारा, डोळे मिटून ती खांद्याला लावा आणि मग डोळे उघडा. मणी समोर दिसला तर दस्ता तुमचा आहे.

शनिवारी सकाळी आम्ही दोघे दुकानात जाणार आहोत. पुतण्या अजून पूर्ण पटलेला नाही, ते त्याच्या चेहऱ्यावर दिसते. मोजपट्टी मी घेऊन ठेवली आहे. त्याला मात्र गणवेश आणि गाडीवर घालायचे ते जाड जॅकेट घालूनच यायला सांगितले आहे. जॅकेटची जाडी खांद्यावर चढली की दस्ता तेवढा आखूड लागतो, आणि माप ज्या कपड्यांत बंदूक उचलायची त्याच कपड्यांत घ्यावे लागते.

आपला,
एक माजी सैनिक व निवृत्त बँक रक्षक
कळवा, ठाणे