कात्री कुठे लागली, ते दाखवा

महोदय,

डोनाल्ड ट्रम्प यांच्या ६ जानेवारी २०२१ च्या भाषणातील, पन्नासहून अधिक मिनिटांच्या अंतराने उच्चारलेली दोन वाक्ये बीबीसीच्या ‘पॅनोरमा’ या कार्यक्रमाने २०२४ मध्ये अशी सलग जोडली की, कॅपिटॉलकडे, म्हणजे अमेरिकी संसद भवनाकडे, चालत जाऊ आणि जिवाच्या आकांताने लढू, असे ते एका दमात म्हणाल्याचा प्रेक्षकांचा समज व्हावा, शांततेने आवाज उठवा, हे त्यांचे शब्द मात्र गाळले गेले. त्या दिवशी कॅपिटॉलमध्ये झालेल्या हिंसाचारासाठी ट्रम्प यांनाच दोष देणाऱ्या माझ्यासारख्यालाही हे मुळीच पटले नाही. या वादानंतर नोव्हेंबर २०२५ मध्ये बीबीसीचे महासंचालक टिम डेव्ही यांनी राजीनामा दिला, हे योग्यच झाले. आपल्याकडच्या वाहिन्यांनीही भाषण कापताना पडद्यावर ‘संपादित’ अशी पट्टी दाखवावी, अशी माझी आग्रहाची मागणी आहे.

– एक वाचक, पुणे