तक्रार : मॅपमधल्या जोडण्या टाइमलाइनमध्ये गायब होतात आणि मराठी पीडीएफ वाचताच येत नाही

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

नमस्कार,

मी गुहागर तालुक्यात घरबांधणीची कामं घेतो, चिऱ्याची म्हणजे जांभ्या दगडाची घरं, जुन्या घरांची दुरुस्ती, आता होमस्टेची कामं जास्त. तुमच्या माइंड मॅपिंग सॉफ्टवेअरचा वर्षाचा प्रो प्लॅन घेतलाय आणि तो घेतला कारण तुमच्या वेबसाइटवर ‘प्रोजेक्ट मॅनेजमेंटसाठी’ असं ठळक लिहिलंय. नुसतं डोक्यातलं स्क्रीनवर उतरवायचं असतं तर फ्रीमाइंड, फ्रीप्लेन ही फुकटात मिळतात, पैसे भरायचं काही कारणच नव्हतं.

सुरुवात चांगली झाली हे पण सांगतो. मालक मुंबईला, व्हिडिओ कॉलवर मॅप उघडला, मधोमध घर आणि बाजूने फांद्या, परवानग्या, पाया, चिरा, छप्पर, लाइट, प्लंबिंग, बाहेरची कामं, मालकांना पहिल्यांदाच कळलं की घर म्हणजे किती गोष्टी असतात. पण काम काढणं वेगळं आणि कामाचा क्रम लावणं वेगळं. मॅपमध्ये प्रत्येक काम एकाच फांदीला लटकलेलं असतं, साइटवर मात्र एक काम चार फांद्यांवर अडून बसतं. कौलं चढवायची तर वासे-रीप हवेत, सुताराला वासे टाकायचे तर भिंतीवरचा काँक्रीटचा बेल्ट पक्का झालेला हवा, आणि हे सगळं मिरगाच्या आधी, म्हणजे 7-8 जूनच्या आत, कारण एकदा पाऊस लागला की उघड्या घरात काही करता येत नाही. त्यासाठी मी मॅपमध्ये एका कामाकडून दुसऱ्याकडे बाण काढले. ते बाण तुमच्याच मेनूत आहेत, मी शोधून काढलेले नाहीत.

टाइमलाइनचं, म्हणजे कामं तारखांवर मांडून दाखवणारं बटण दाबलं की यातला एक पण बाण तिकडे जात नाही. सगळी कामं एकाच तारखेला सुरू! बरं म्हणून टाइमलाइनमध्ये जाऊन हाताने परत जोडण्या केल्या, रात्र त्यात गेली, तर नंतर मॅपमध्ये एखादी फांदी इकडची तिकडे केली की त्या कामाच्या जोडण्या पुसल्या जातात. विचारत नाही, सांगत नाही, लाल खूण नाही काही नाही.

आमच्याकडे नेमकं हेच झालं. सेप्टिक टँक ‘प्लंबिंग’ खाली होती, ती मी ‘बाहेरची कामं’ मध्ये ओढली कारण खोदाईवाला आणि प्लंबर वेगळे. तेवढ्याने टाकीच्या खड्ड्याची आणि गडग्याची (आवाराच्या भिंतीची) जोडणी तुटली, गडगा वर सरकला, खड्डा खाली गेला, आणि सुपरवायझरने त्याच्या मोबाइलवर जे दिसलं त्याप्रमाणे गवंड्यांना गडग्यावर लावलं. त्याचं काय चुकलं? त्याला ज्या तारखा दिसत होत्या त्याच त्याने पाळल्या. जेसीबी आला तेव्हा आत जायला वाटच नाही. बांधून झालेला गडगा तोडावा लागला, चिरे काढताना कोपरे उडाले ते वायाच गेले, जेसीबीचं भाडं उभ्या उभ्या चढलं आणि गवंडी पुढच्या कामाला निघून गेले कारण शिमग्याआधी त्यांना दुसरीकडचं पण संपवायचं होतं. आणि हे गडग्यावर निभावलं म्हणून ठीक. साडेचार मीटरच्या वर स्पॅन असलेल्या स्लॅबचे टेकू आयएस 456 या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे किमान 14 दिवस काढायचे नसतात, ती जोडणी अशी गुपचूप पुसली गेली आणि कोणी तारीख बघून टेकू काढले तर काय होईल याचा तुम्ही विचार केलाय का? माणसं खाली काम करत असतात हो.

दुसरी गोष्ट पीडीएफ. स्क्रीनवर मराठी व्यवस्थित दिसतं, एक्सपोर्ट केलं की ‘चिरा’ चं ‘चरिा’ होतं, वेलांटी पुढच्या अक्षरावर जाऊन बसते, जोडाक्षरं फुटून मध्ये पाय मोडलेले. साइटवर आम्ही प्रिंट भिंतीला लावतो, गवंडी, सुतार, लादीवाले सगळे तेच वाचतात, त्यांनी हे कसं वाचायचं? वेलांटी टाइप होते व्यंजनाच्या नंतर आणि दिसायला हवी आधी, ही जुळणी तुमचं पीडीएफ बनवणारं इंजिन करत नाही एवढंच आहे, साध्या वर्ड प्रोसेसरमधून निघणारी पीडीएफ बरोबर येते. भाषांच्या यादीत मराठी लिहून पैसे घेता तर हे चालायलाच पाहिजे.

सपोर्टला लिहिलं तर उत्तर काय, कॅशे क्लिअर करा, ब्राउझर अपडेट करा. केलं. मग उत्तर आलं की फीचर असंच डिझाइन केलेलं आहे, आणि तिकीट बंद. मॅपची फाइल, आधीचे-नंतरचे स्क्रीनशॉट सगळं पाठवलं होतं, कोणी उघडून बघितलं असेल असं उत्तरावरून वाटत नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. फांदी हलवली की जोडणी तुटणार असेल तर आधी विचारा आणि तुटलेली जोडणी दाखवा, हे सगळ्यात आधी करा, बाण टाइमलाइनमध्ये न्यायचं काम त्यानंतर केलंत तरी चालेल. मराठी पीडीएफ दुरुस्त कधी होणार त्याची तारीख द्या. तोपर्यंत वेबसाइटवर स्पष्ट लिहा की मॅपमधले बाण टाइमलाइनमध्ये जात नाहीत, म्हणजे दुसऱ्या कोणाचा गडगा तुटायला नको. मला उरलेल्या महिन्यांचे पैसे परत हवेत, ऑटो रिन्यूअल आजच बंद करा, आणि माझे सगळे मॅप दुसरीकडे उघडतील अशा ओपीएमएल फाइलमध्ये (बऱ्याच मॅपिंग सॉफ्टवेअरला वाचता येणारा फाइल प्रकार) नोट्ससकट द्या.

हे सॉफ्टवेअर मी स्वतःच्या पोटापाण्याच्या धंद्यासाठी घेतलंय, त्यामुळे 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने मी ग्राहकच आहे. ई-कॉमर्सच्या 2020 च्या नियमांत तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण महिन्याभरात असं आहे. तेवढी वाट बघतो, नाहीतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर नोंदवतो आणि पुढे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जातो. फाइल आणि स्क्रीनशॉट परत जोडलेत, यावेळी माणसाने बघून उत्तर द्यावं.

आपला,
एक ग्राहक
ता. गुहागर, जि. रत्नागिरी